शर्यतीचा पास आणि आतलं वळण

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या सागरी रस्त्यावर सायकल शर्यत होणार असं कळलं, तेव्हाच ठरवलं की इथे पॅनिंगचे, म्हणजे धावत्या सायकलीबरोबर कॅमेरा फिरवून, फोटो काढायचे. कॅमेरा, लेन्स, सराव सगळं जमलं. अडलं ते फोटोग्राफरच्या पासवर, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

अर्जात दोनच चौकोन होते, वृत्तपत्र आणि वाहिनी. स्वतःचा स्टुडिओ चालवणाऱ्याने कुठे खूण करायची? "संस्थेचं पत्र आणा," खिडकीतून उत्तर आलं. लेटरहेडवर पत्र नेलं, सोबत शॉप ॲक्टचा दाखला जोडला. कागद ठेवून घेतले आणि उद्या या म्हणाले. उद्या गेलो तर सही करणारे साहेब जागेवर नाहीत. अखेर पास मिळाला, त्यावर शिक्का 'फक्त अंतिम रेषा'. तिथे सायकली थेट अंगावर येतात! पॅनिंगला सायकल समोरून आडवी जायला हवी आणि कॅमेरा तिच्याच गतीने फिरायला हवा. तरच स्वार स्पष्ट येतो आणि मागचं सगळं ओढल्यासारखं दिसतं.

मी म्हटलं, "साहेब, मला वळणाच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे उभं राहू द्या."

"वळणावर कुणालाच नाही. काही झालं तर जबाबदार कोण?"

प्रश्न रास्त होता, पण उत्तर ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. वळणावर घसरलेली सायकल सहसा बाहेरच्या बाजूला जाते. शिवाय आतून पाहिलं तर वळण घेणारी सायकल आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते, त्यामुळे फोकसला फार धावावं लागत नाही. म्हणजे सुरक्षित जागा आणि फोटोची जागा एकच! हे किती वेळा सांगितलं तरी "नियम आहे" यापुढे गाडी सरकेना.

शेवटी कागदावर वळण काढलं, कठडा दाखवला, माझी जागा फुलीने दाखवली आणि सुरक्षेचं काम पाहणाऱ्या मॅडमना गाठलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि उभ्या-उभ्या सही केली. म्हणून सांगतो, पास वाटणाऱ्याशी वाद घालू नका. रस्त्याचा निर्णय कोणाकडे आहे ते आधी विचारा आणि नकाशा घेऊनच जा.

फोटोचं सांगायचं तर, शटर १/१००० सेकंद उघडं ठेवलं तर ताशी ३० किमीने जाणारी सायकल तेवढ्यात जेमतेम ८ मिमी सरकते. चाकाच्या ताराही गोठतात, सायकल उभी केल्यासारखी वाटते. १/६० ला ती साधारण १४ सेमी जाते, मी तिथून सुरुवात करतो आणि हात बसला की १/३० वर येतो. स्वार आपल्यासमोर येण्याआधीच त्याला फ्रेममध्ये धरा, बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका.

मागे नुसता समुद्र येईल अशी जागा टाळा. सपाट पाण्यावर ओढलेल्या रेघा उमटत नाहीत. सुरूची झाडं किंवा जांभ्याचा कठडा मागे आला की वेग दिसतो. सकाळी डोंगराच्या बाजूने समुद्राकडे पाहिलं तर ऊन आपल्या पाठीशी असतं, हेही त्या जागेसाठी भांडण्याचं एक कारण होतं. दुपारच्या उन्हात १/३० ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच, लागतोच.

आणि हो, खाऱ्या वाऱ्यात लेन्स कोरड्या कापडाने घासू नका. आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) धूळ उडवा, मग किंचित ओलसर कापड.