पहिली उडी टँडमच का घ्यावी

स्कायडायव्हिंगची पहिली उडी टँडमच, म्हणजे प्रशिक्षकाला जोडूनच घ्या. प्रशिक्षक आपल्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, पाठीमागून चार ठिकाणी जोडलेला असतो, दोन हूक खांद्यांना आणि दोन कमरेला. उडी साधारण 10,000 ते 13,000 फुटांवरून. विमान सोडल्यावर प्रशिक्षक ड्रोग हे छोटं पॅराशूट सोडतो, कारण दोघांच्या वजनाने वेग फार वाढतो; ड्रोगमुळे तो ताशी 200 किलोमीटरच्या आसपास राहतो. आपण फक्त कंबर पुढे, हनुवटी वर, पाय मागे दुमडलेले ठेवायचे. अंग आखडलं की दोघंही डुलायला लागतात.

सुमारे 5,000 फुटांवर मुख्य पॅराशूट उघडतं. ते गुंतलं तर प्रशिक्षकाने आधी ते तोडून सोडायचं, मग राखीव पॅराशूट उघडायचं. हा क्रम फार महत्त्वाचा, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकू शकतात.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणून उंचीमापक उतरायच्या जमिनीवर शून्य करून घेतात. मे महिन्यातल्या इथल्या उन्हात हवा विरळ होते, पॅराशूट जमिनीकडे जास्त वेगाने येतं, दुपारी वाऱ्याचे झोतही उठतात. सकाळचीच वेळ मागा. उतरताना पाय समोर उचलून धरा. घोटे बहुतेक याच वेळी दुखावतात.