अंगठा जुळत नाही

आज शेजारच्या मावशींबरोबर रेशनला गेले. जन्मभर धुणीभांडी करून बोटांवरच्या रेषा झिजल्यात. ई-पॉस मशीनवर अंगठा, मग तर्जनी, पदराला पुसून पुन्हा अंगठा. जुळेचना. मावशी मान खाली घालून रांगेबाहेर झाल्या, जणू चोरी पकडली गेली. फार संताप आला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्य त्यांच्या हक्काचं आहे. अंगठा जुळला नाही तरी ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून धान्य द्या, असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. दुकानदार म्हणाला, "ताई, पावती निघाल्याशिवाय दिलं तर हिशेब मलाच भरावा लागतो." त्याचंही खरंच. उद्या तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज देतेय. आणखी कुणाचं धान्य असं अडलं असेल तर कळवा, सोबतच जाऊ.