तुम्ही विचारलंत म्हणून: मंकडिंग म्हणजे चीटिंग का?

गेली बारा-तेरा वर्षं मी ठाणे-डोंबिवलीकडे मुलांच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभा राहतोय आणि इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एलबीडब्ल्यूचा नाही, हा आहे. बोलरने बॉल न टाकता नॉन स्ट्रायकरच्या, म्हणजे बोलरच्या बाजूला उभ्या असलेल्या बॅट्समनच्या, बेल्स उडवल्या तर ती चीटिंग नाही का? आई-वडील विचारतात, मुलं विचारतात, चहाच्या टपरीवर अनोळखी माणसंसुद्धा विचारतात. माझं उत्तर नाही असं आहे, अजिबात नाही. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे तो मंकडिंग शब्द मी वापरत नाही, वर टायटलमध्ये लिहिला कारण तुम्ही तसाच विचारता. विनू मंकड हा आपल्या देशाचा एक महान ऑलराउंडर. डिसेंबर 1947 मध्ये सिडनी टेस्टला त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं आउट केलं. त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका मॅचमध्ये याच ब्राउनला त्यांनी आधी वॉर्निंग दिली होती, तरी तो बॉल पडायच्या आधीच क्रीजबाहेर निघाला म्हणून आउट केलं होतं, म्हणजे टेस्टमधलं आउट करणं ही त्या दौऱ्यातली दुसरी वेळ. तिथल्या पेपरांत बरीच ओरड झाली पण समोरच्या टीमचा कॅप्टन होता डॉन ब्रॅडमन आणि त्याने मंकडचीच बाजू घेतली, की नियमात आहे तर त्यात वाईट काय. तरीही नाव चिकटलं ते मंकडना. क्रीज सोडून पळणारा दुसराच आणि बदनामी ज्याने पकडलं त्याची, हे मला आजही खटकतं. गावसकर कितीतरी वर्षं सांगतायत की हा शब्द वापरू नका, मंकडचा अपमान आहे तो, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता नियम काय आहे ते बघा. बोलर ज्या क्षणी बॉल सोडेल असं अपेक्षित असतं, म्हणजे हात सगळ्यात वर जातो तो क्षण, तोपर्यंत नॉन स्ट्रायकरने क्रीजमध्ये राहायचं, नाही राहिला तर रनआउट. वॉर्निंग द्यायचीच असं नियमात कुठेही नाही. आधी हे सगळं अनफेअर प्लेच्या कलमात, नंबर 41 मध्ये होतं, म्हणून वाचणाऱ्यालाही वाटायचं की यात काहीतरी काळंबेरं आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीने ते उचलून 38 नंबरच्या रनआउटच्या कलमात टाकलं आणि आयसीसीनेही तेच घेतलं, म्हणजे आता कागदावर हा साधा रनआउट आहे, बाकी कुठल्याही रनआउटसारखा.

आणि योगायोग बघा, हा बदल लागू व्हायच्या आठवडाभर आधी, 24 सप्टेंबरला लॉर्ड्सवर आपल्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच आउट केलं. इंग्लंडची शेवटची जोडी, 17 रन हवे होते, आणि झूलन गोस्वामीची शेवटची मॅच. आपण जिंकलो, सिरीज 3-0, पण दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची तर दीप्तीच्या संस्कारांची. 2019 ला आयपीएलमध्ये जयपूरला अश्विनने बटलरला असं आउट केलं तेव्हाही हेच. उलट 1987 च्या वर्ल्ड कपला लाहोरमध्ये वेस्ट इंडिजच्या कोर्टनी वॉल्शने शेवटच्या ओव्हरमध्ये पाकिस्तानच्या सलीम जाफरला आउट न करता नुसती वॉर्निंग दिली, पाकिस्तान शेवटच्या बॉलवर एका विकेटने जिंकलं, वेस्ट इंडिज सेमीफायनलला पोचलीच नाही. वॉल्शचं कौतुक आजपर्यंत होतं आणि होऊ दे, माणूस मोठा होताच, पण जाफर क्रीज का सोडत होता हे कोणी विचारत नाही.

हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतो त्याचं कारण एक मुलगा आहे. अंडर 14 ची मॅच, ऑफस्पिनर, अंगाने किरकोळ. समोरच्या टीमचा नॉन स्ट्रायकर प्रत्येक बॉलला आधीच दोन-दोन पावलं पुढे चोरत होता, मला स्पष्ट दिसत होतं. त्याने थांबून बेल्स उडवल्या, अपील केलं, मी बोट वर केलं. मॅच संपल्यावर त्याच्याच कोचने त्याला सगळ्यांसमोर त्या बॅट्समनकडे पाठवलं, सॉरी म्हणायला. पोरगं गेलं, म्हणालं, रडायचं तेवढं बाकी होतं. मी तिथेच उभा होतो आणि मी काही बोललो नाही, हे मला अजून टोचतं. नियम पाळणाऱ्याने माफी मागितली आणि पावलं चोरणारा पाठ थोपटून घेऊन घरी गेला.

स्पिरिट ऑफ क्रिकेट, म्हणजे खेळाचे न लिहिलेले संकेत, म्हणतात ना, ते कोणाच्या सोयीचं आहे हे बघायला पाहिजे. इंग्लंडमध्ये 1962 पर्यंत जेंटलमेन विरुद्ध प्लेयर्स अशा मॅचेस व्हायच्या, म्हणजे हौशी साहेब लोक एका बाजूला आणि पगारी खेळाडू दुसऱ्या. नियम लिहिणारी एमसीसी हा लंडनचा एक खाजगी क्लब, 1787 चा, आणि 1998 पर्यंत तिथे बायकांना मेंबरशिप नव्हती. असल्या ठिकाणी न लिहिलेले संकेत तयार होतात तेव्हा ते घाम गाळणाऱ्या बोलरच्या बाजूने असतील अशी अपेक्षाच करू नये.

पण लिहिलेला नियम म्हणजे आपोआप न्याय असंही मी म्हणत नाही हां. 2019 ची वर्ल्ड कप फायनल आठवा, मॅच टाय, सुपर ओव्हर टाय, आणि इंग्लंड जिंकलं कारण त्यांच्या बाउंड्री 26 आणि न्यूझीलंडच्या 17. नियम आधीपासून लिहिलेला होता, दोघांना माहीत होता, न्यूझीलंडचा कॅप्टन विल्यमसनने हसत हात मिळवला. तरी तो नियम चुकीचाच होता, विकेट, एकेरी-दुहेरी धावा यांना काही किंमतच नाही. काही महिन्यांत आयसीसीने बदलला, निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवा म्हणाले. असंच व्हायला पाहिजे, चुकीचं असेल तर नियम बदला, खेळाडूला शिव्या देऊ नका.

इथपर्यंत आलं की कोणीतरी हमखास म्हणतं, काका, तुम्ही गोऱ्यांना बोलता पण आता आयसीसी आपलीच आहे, मग त्रास कसला? त्याचंही उत्तर देतो. 1993 पर्यंत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाकडे आयसीसीत व्हेटो होता, दोघांपैकी कोणी नाही म्हटलं की विषय संपला. लहानपणी वडिलांकडून हे ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. आता 2024 ते 27 च्या वाटपात आयसीसीच्या कमाईतला साधारण 38.5 टक्के हिस्सा एकट्या बीसीसीआयचा असल्याच्या बातम्या आल्या आणि नव्वदहून जास्त असोसिएट, म्हणजे टेस्ट न खेळणाऱ्या, देशांना मिळून साधारण 11 टक्के. पैसा भारतातल्या टीव्हीमुळे येतो हे मान्य, जास्त वाटा मिळावा हेही मान्य, पण वेस्ट इंडिजसारखा बोर्ड आपले खेळाडू टेस्टसाठी राखू शकत नसेल तर आपण खेळणार कोणाशी? माझा तो लहानपणचा राग खरा असेल तर आज फायदा आपला आहे म्हणून मला गप्प बसता येत नाही.

आणि हे आपल्याकडून होणारच नाही असंही नाही. आपल्या नागपूरचे शशांक मनोहर, स्वतः बीसीसीआयचे माजी अध्यक्ष, आयसीसीचे चेअरमन असताना 2017 मध्ये बिग थ्रीचं, म्हणजे भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला जास्त वाटा देणारं, वाटप मोडून काढलं गेलं, मतदान बीसीसीआयच्या विरोधात गेलं. इथे तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, माझ्या ओळखीतल्या लोकांनी त्यांना घरभेदी म्हटलं. मला तेव्हाही ते बरोबर वाटले होते, आजही वाटतात.