ॲप हिरवं दाखवत होतं: गरोदरपणातल्या शुगरचा माझा अनुभव

सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोजची तपासणी केली. ३०० मिली पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज, पाच-दहा मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात, माझं १५८ आलं. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत ही तपासणी जेवून आलात तरी चालते. मात्र ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

डॉक्टरांनी आकडे लिहून दिले: सकाळी उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी मोजलं तर १२० च्या आत. दिवसातून चार वेळा मोजायचं. ब्लूटूथवाला ग्लुकोमीटर घेतला आणि त्याचं ॲप फोनवर टाकलं.

पहिल्याच आठवड्यात नाश्त्यानंतरची शुगर १६६ आली आणि ॲपने ती हिरव्या रंगात दाखवली. कारण साधं आहे. ही ॲप्स बहुतेक नेहमीच्या मधुमेहासाठी बनवलेली असतात आणि त्यात मर्यादा आधीपासून ७० ते १८० भरलेली असते. गरोदर बाईसाठी ती फार सैल आहे. म्हणून ॲप उघडल्यावर सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जा, 'टार्गेट रेंज' शोधा आणि डॉक्टरांनी दिलेले आकडे भरा. जेवणाआधीची आणि नंतरची मर्यादा वेगळी भरता येत नसेल तर ॲपच्या रंगाकडे बघूच नका, फक्त आकडा बघा. तिथेच एककही तपासा. ते मिग्रॅ/डीएल हवं. चुकून मिलिमोल निवडलेलं असेल तर १४० च्या जागी ७.८ दिसतं आणि घरातले घाबरतात.

दुसरं म्हणजे नोंदीवरची खूण. १३२ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. उपाशीपोटी १३२ म्हणजे डॉक्टरांना लगेच कळवायचं, नाश्त्यानंतर एका तासाने १३२ म्हणजे छान. मीटरमधून आकडा ॲपमध्ये आपोआप येतो, पण 'फास्टिंग' की 'जेवणानंतर' हे आपल्यालाच लावावं लागतं. तेव्हाच्या तेव्हा लावा, रात्री आठवत नाही. एक तास मोजायचा तो पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. आपलं रात्रीचं जेवण कधी साडेआठला, कधी दहाला होतं, त्यामुळे ॲपचा ठरावीक वेळेचा गजर उपयोगाचा नाही. ताट पुढ्यात आलं की मी फोनचा साधा टायमर ६० मिनिटांवर लावत असे.

गजर वाजलाच नाही असंही होतं. फोनमधलं बॅटरी सेव्हर मागे चालणारं ॲप बंद करून टाकतं. सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा आणि 'ऑटोस्टार्ट' चालू करा. जुन्या अँड्रॉइडवर मीटर सापडत नसेल तर लोकेशन चालू करून बघा, त्याशिवाय तिथे ब्लूटूथचा शोध चालत नाही. मीटरची बॅटरी बदलली की त्याचं घड्याळ तपासायचं. ते चुकलं की दुपारची नोंद मध्यरात्रीची होते आणि तक्त्याचा अर्थच बदलतो.

आमच्याकडे सासूबाईंनाही शुगर आहे. त्यांनी दोनदा माझ्याच मीटरवर तपासली आणि त्यांचे २१० आणि १९४ माझ्या ॲपमध्ये जाऊन बसले. सरासरी बिघडलीच, पण त्यावरून कुणी औषध वाढवलं असतं तर? मीटर एकटीचाच ठेवा. सुई तर कुणालाच वापरायला द्यायची नाही.

कोल्हापुरात राहून गुळाबद्दल बोलायलाच हवं. 'साखर नको, गूळ चालतो' हे प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि माया करूनच म्हणतात. पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, रक्तात तशीच चढते. तो बोटाला लागलेला असला तरी मीटर फसतो. एकदा खडा फोडून डब्यात भरला, बोट नुसतं पुसलं, आकडा आला १९१. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पाच मिनिटांनी पुन्हा घेतला तर ११८. फळ सोलल्यावरही हेच होतं. बोटाच्या कडेला टोचा, फार पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या खराब होतात.

जेवणाच्या नोंदीत ॲपवर आंधळा विश्वास नको. त्यातली 'रोटी' म्हणजे लहान फुलका, साधारण १५ ते १८ ग्रॅम कर्बोदकं. आपली ज्वारीची भाकरी साठ ग्रॅम पिठाची धरली तरी चाळिशीच्या पुढे जाते. 'कप' म्हणजे २४० मिली, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान. मी पहिले चार दिवस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पीठ आणि शिजलेला भात मोजला, आणि 'घरची भाकरी', 'छोटी वाटी भात' अशा स्वतःच्या नोंदी ॲपमध्ये करून ठेवल्या. पुढे बोट लावलं की काम झालं.

यातून जे दिसलं ते मला कुठल्याही आहारतक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, म्हणून एक बशी पोह्यांनी १६६ आणि मुगाच्या दोन धिरड्यांनी १२६. तांबडा रस्सा, मटण आणि एक भाकरी यांनी काही बिघडलं नाही, त्याच ताटात भात वाढवला की बिघडलं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी सगळ्यात वाईट, साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. जेवून पंधरा मिनिटं रंकाळ्यावर चाललं की आकडा दिसण्याइतका खाली येतो. पाऊस असला तर घरातल्या घरात चालायचं.

ॲपमधल्या तीन गोष्टी मी बंद ठेवल्या. एक, इन्सुलिनचा डोस सांगणारा कॅल्क्युलेटर. डोस फक्त डॉक्टर ठरवतात. दोन, 'अंदाजे एचबीए१सी', म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा. गरोदरपणात रक्तपेशी लवकर बदलतात, त्यात रक्त कमी असेल तर तो आकडा दिशाभूल करतो. तीन, बोट न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या यांच्या जाहिराती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये ती वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला आहे.

ओपीडीत डॉक्टरांकडे दोन-तीन मिनिटं असतात. त्यांना फोनवरचा रंगीत आलेख दाखवू नका. ॲपमधून दोन आठवड्यांची पीडीएफ काढा, आणि तारखेपुढे फास्टिंग, नाश्ता, दुपार, रात्र अशा चार रकान्यांत एका पानावर छापून न्या. माझ्या पानावर फास्टिंगचा रकाना सलग ९८ ते १०४ होता, बाकी ठीक. डॉक्टरांनी तेवढाच बघून रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं.

इन्सुलिन सुरू झालं तर सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलीत ४० युनिट), त्यांना लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. हात थरथरले, घाम फुटला तर आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार सपाट चमचे साखर अर्धा पेला पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायला मीटर जवळ नसेल तर थांबू नका, साखर घ्या.

बाळंतपणानंतर शुगर बहुधा उतरते, तेव्हा गजर बंद करा, पण ॲप काढून टाकण्याआधी सगळी नोंद पीडीएफ करून फाइलला लावा. पुढच्या गरोदरपणात ती विचारली जाते. आणि बाळंतपणाच्या तारखेपासून सहा आठवडे मोजून ७५ ग्रॅमची तपासणी फोनच्या कॅलेंडरवर टाका. तेव्हा घरात बाळाच्या लसीची तारीख सगळ्यांना पाठ असते, आपली नसते.