मळका ट्रक

मोटारीचं मॉडेल वरून बघायचं असतं, ट्रकचं खालून. फेरारी करणारा माणूस बॉनेट घासत बसतो, त्यात तोंड दिसायला लागलं की त्याचं समाधान होतं. ट्रकच्या किटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून छोटं मॉडेल करायच्या खोक्यात, आधी हातात येते ती चासी. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या, मग पाटे, ॲक्सल, डिफरन्शियल, हवेच्या टाक्या. अर्धं काम उरकलं तरी टेबलावर चाकं लावलेली शिडीच उभी असते आणि घरचे विचारतात, यात ट्रक कुठाय? मला विचाराल तर ट्रक तेवढाच असतो. बाकी सगळी ड्रायव्हरला बसायची सोय.

सध्या टेबलावर इटालेरी या इटालियन किट कंपनीचा स्कानिया १४३ हा स्वीडिश ट्रक आहे. माप १:२४, म्हणजे पावणेसहा फुटी ड्रायव्हर उभा केला तर सव्वासात सेंटिमीटर भरेल. युरोप-जपानमध्ये ट्रकच्या किटचं हेच माप जास्त चालतं. अमेरिकेत मात्र १:२५. फरक एवढुसा वाटतो, पण दोन्हीकडचे ट्रक शेजारी ठेवले की डोळ्यांना काहीतरी खुपत राहतं. चेहरेही वेगळे. युरोपात गाडीची एकूण लांबी कायद्याने बांधलेली, म्हणून तिथे इंजिनाच्या डोक्यावर केबिन चढवली आणि माल ठेवायला जास्त जागा काढली. अमेरिकेतही असे चपट्या तोंडाचे ट्रक खूप होते. १९८२ च्या कायद्याने तिथल्या एकूण लांबीच्या अटी सैल केल्या, मग लांब नाकाच्या पीटरबिल्ट-केनवर्थना मोकळं रान मिळालं. ट्रकचं नाक शेवटी सरकार ठरवतं.

चपट्या तोंडाचा मॉडेलवाल्याला फायदा असा, की केबिन पुढे कलंडते आणि इंजिनावर केलेली मेहनत दिसते. स्कानियाचं १४ लिटरचं व्ही-८ इंजिन १९६९ साली आलं. १४३ मध्ये आहे ती त्याचीच पुढची आवृत्ती. किटमध्ये इंजिन मिळतं, पण नागडं. नळ्या नाहीत, वायरी नाहीत. इथून पुढे किटवाल्याचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. खऱ्या ट्रकवरची बारा मिलिमीटरची हवेची नळी या मापात अर्ध्या मिलिमीटरची होते. त्यासाठी बंद पडलेल्या इअरफोनच्या आतली तार उत्तम. ट्रेलरला जाणाऱ्या गुंडाळ्या-गुंडाळ्यांच्या नळ्या करायच्या तर दाभणावर रंगीत तार घट्ट वळायची आणि अलगद ओढून काढायची. युरोपात यातली एक लाल आणि एक पिवळी. लाल नळी ट्रेलरला हवा पुरवते, पिवळी ब्रेकचा हुकूम पोचवते. अमेरिकन ट्रकला पिवळीच्या जागी निळी. हे कोण बघतं? कोणी नाही. पण अमेरिकन ट्रकला पिवळी लागली तर मला झोप लागायची नाही.

चिकटवायचं शास्त्र थोडक्यात सांगतो. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा खास गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, दोन्ही बाजू किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होतात, म्हणून तो सांधा पक्का. काचेला मात्र फेव्हिक्विकसारखं काही लावू नये, वाफ बसून काच पांढरी पडते. तिथे साधा फेव्हिकॉल, पातळ करून. आणि जुनं किट घेतलंत तर टायर आधी पिशवीत वेगळे काढा. त्या मऊ टायरमधलं रसायन बाहेर येतं आणि वर्षानुवर्षं टेकलेलं प्लॅस्टिक खाऊन टाकतं. खोक्यातल्या चकचकीत टाकीवर टायरची नक्षी छान उमटलेली मिळते.

माझं खरं प्रेम मात्र मळावर. नवा कोरा, शोरूममधून आणल्यासारखा ट्रक मला बघवत नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळीकडे सारखा तपकिरी फवारा मारून ‘जुना’ केलेला ट्रक. मळ असा सरसकट बसत नाही, त्याला कारण लागतं. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत उभ्या ट्रकांच्या बाजूने एक चक्कर मारली की सगळं समजतं. डिझेलच्या झाकणाखाली एक ओघळ असतो, ओला-काळपट, आणि धूळ नेमकी त्यालाच चिकटलेली. हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, तेल गळत असेल तर ते खाली ओघळत नाही. चाक फिरतं ना, त्यामुळे मधून बाहेर किरणांसारखे डाग पडतात. पायरीचा रंग ड्रायव्हरच्या बुटाने उडून आतलं लोखंड चकाकतं, पण फक्त जिथे पाय पडतो तिथेच. कोपऱ्यात चिखल तसाच. काचेवर वायपरने पुसलेली कमान स्वच्छ आणि तिच्या बाहेर धुळीचा थर. आणि केबिनचा दर्शनी भाग? तो बहुतेक वेळा धुतलेला, पुसलेला, हार घातलेला. ज्याचं घरच ते आहे, तो दार का मळकं ठेवील?

गंज दाखवायची तर लोकांना फार हौस. ॲल्युमिनियमच्या टाकीला गंजवून ठेवलेले ट्रक मी बघितलेत, बक्षीस मिळालेलेसुद्धा! शिवाय मुलूख बघावा लागतो. स्वीडनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या खालच्या अंगाला राखाडी-पांढुरका लेप चढतो. स्कानियाला तांबडी माती फासली तर तो स्वीडनचा राहत नाही, महाबळेश्वरचा होतो. आणि खरी धूळ तर वापरूच नये. रस्त्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात बारा मिलिमीटरची खडी दिसतो. त्यापेक्षा खडू पॉलिश पेपरवर घासावा, पूड वस्त्रगाळ करावी आणि मऊ ब्रशने टेकवावी. फुंकर मारायचा मोह आवरा.

इतका मळ अभ्यासल्यावर आपल्याकडचा ट्रक करावासा वाटणारच. प्रश्न असा, की टाटा १२१० चं किट मला कुठल्या दुकानात दिसलेलं नाही. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक काढले आणि १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजची चांदणी होती, म्हणून जुनी माणसं ‘टाटा-मर्सिडीज’ म्हणायची. आकडे वाचायची पद्धतही तिकडचीच. १२१० म्हणजे एकूण वजन १२ टन आणि ताकद अदमासे शंभर अश्वशक्ती. त्या काळी मालक बहुधा नाक आणि चासी घेऊन यायचा. केबिन आणि हौदा गावातला सुतार-लोहार करायचा. म्हणजे खरा ट्रकसुद्धा अर्धा किटच. त्यामुळे मीही हौद्यापासून सुरुवात केली आहे. आइस्क्रीमच्या काड्या चालत नाहीत, त्यांच्या रेघा या मापात फार मोठ्या दिसतात. सुताराकडून व्हेनिअरचे तुकडे आणले. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर, पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून, दोरीच्या खुणा ओला असतानाच दाबलेल्या.

राहता राहिला मागचा फाळका. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५ साली बंदी केली, पण माझा ट्रक त्याच्या कितीतरी आधीचा, त्याला ते हवंच. कॉम्प्युटरवर छापून चिकटवलं तर अक्षरं फार शहाण्यासारखी सरळ येतात. म्हणून फाळका घेऊन गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी तो बोटाच्या टोकावर धरून उजेडाकडे केला, दोन्ही बाजूंनी बघितला, सगळ्यात बारीक ब्रश शोधला आणि म्हणाले, “साहेब, एवढ्याशात ‘प्लीज’ बसायचं नाही. ‘हॉर्न ओके’वर भागवा.”