तालीम बांधली कशाला?

ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. आमच्या 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात साहित्यप्रकार म्हणून अकरावीला नाटक आणि बारावीला कथा आहे. कादंबरी मुलांना भेटते ती बारावीच्या इंग्रजीत, आणि तीही ब्रेथवेट, ज्यूल व्हर्न व कॉनन डॉइल यांच्या उताऱ्यांपुरती. उताऱ्यावर कृतिपत्रिका काढणे सोयीचे असते, हे मला मान्य आहे. पण ज्या साहित्यप्रकाराचा जीवच मुळी लांबीत आहे, त्याचा तुकडा कापून दाखवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा झाली म्हणून पंगत उठवण्यासारखे आहे. म्हणून गेली तीन वर्षे शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, ज्यांना थांबायचे असेल त्यांच्याबरोबर मी एक अख्खी मराठी कादंबरी वाचते. दहा-बारा जण थांबतात. क्लासच्या वेळापत्रकातून तेवढेच सुटतात. प्रती नेहमीच कमी पडतात, आणि त्यांतली एक तरी मी १८९३ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली असते.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने (१९५५) केली आणि पहिल्याच वर्षी चुकले. वाचलेल्या भागाचा सारांश दर आठवड्याला लिहून आणा, असे मी सांगितले होते. चौथ्या शनिवारी आठ वह्यांत एकच मजकूर निघाला, तोही एकाच ठिकाणी चुकलेला. मुलांना काय बोलणार? सारांश कादंबरी न वाचताही लिहिता येतो, किंबहुना न वाचणाराच तो अधिक नेटका लिहितो.

पुढच्या वर्षी तीच कादंबरी पुन्हा घेतली आणि वहीत एकाच प्रश्नाचे उत्तर मागितले: आज जिथे वाचन थांबले, तिथे मास्तरला अजून काय माहीत नाही? माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला तो तरुण मास्तर स्वतःच निवेदक असल्यामुळे, वाडीतली माणसे त्याला जसजशी उमगतात तसतशीच ती आपल्याला उमगतात. त्याच्या पुढे धावायची सोय नसते. एका मुलाने लिहिले होते, "कारभाऱ्याच्या मनात काय आहे ते मास्तरला कळत नाही, म्हणून मलाही कळत नाही." निवेदकाचा दृष्टिकोन या विषयावर मी फळ्यावर जे लिहिणार होते, ते मग लिहिलेच नाही.

मास्तरच्या पुढाकाराने सारी वाडी राबून तालीम उभी करते, आणि पुढे दुष्काळ पडून ती वाडीच उठते. ते वाचून झाले त्या शनिवारी घोडबंदर रोडवरून येणारी एक मुलगी रागाने म्हणाली, "मॅडम, मग एवढी तालीम बांधली कशाला?" शेवट आधीच मोबाइलवर पाहून आलेला एक जण म्हणाला, "दुष्काळ पडणार हे माहीतच होतं की." तिने मान न वळवताच उत्तर दिले, "तुला माहीत होतं. त्यांना नव्हतं."

मग तिने वहीची मागची पाने काढली. तालमीचे काम चालू होते त्या आठवड्यात तिने लिहिले होते: 'तालमीत पोरे रोज येतील का, हे मास्तरला माहीत नाही.' ती ओळ तिने दोनदा मोठ्याने वाचली. तालमीत कोण येणार याची काळजी करण्यात तिचा एक अख्खा आठवडा गेला होता. वाडीच राहणार नाही, ही शंका तिला शिवलीही नव्हती. परीक्षेत हा भाग आला असता तर 'तालमीचे प्रतीकात्मक महत्त्व स्पष्ट करा' असा आला असता, आणि तिने त्याचे उत्तर बहुधा पाठ केले असते.

यंदा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घेतली आहे. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा यांची गाठ पडते, आणि कादंबरी प्रसिद्ध झाली ती १९३९ साली. त्यामुळे वहीत दुसरा रकाना आखावा लागला: लेखकाला काय माहीत नाही? पहिल्याच आठवड्यात एकाने त्या रकान्यात 'हिटलरने पुढे केले ते सगळे' एवढेच लिहून आणले. बोटीवरचे पुढचे पान त्या दिवशी उलटलेच नाही. सगळा वेळ त्या ओळीवर गेला.