०.३२ कुठून आले?

एका नगरपरिषदेच्या घनकचऱ्याच्या शास्त्रोक्त भरावासाठी जागा सुचवण्याचे काम आमच्याकडे होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे अशी जागा नदीपासून १०० मीटर आणि तळे, महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांच्यापासून २०० मीटर दूर असावी लागत होती. ही अंतरे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आखून अपात्र जमीन आम्ही आधीच वगळली होती, आणि तीन जागा उरल्या होत्या.

त्या दिवशी निकषांचे भारांक, म्हणजे जागा निवडताना कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचे, ते ठरवायचे होते. थॉमस साटी यांच्या एएचपी (अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) या निर्णयपद्धतीत निकष जोडीजोडीने समोर ठेवून कोणता किती पट महत्त्वाचा, हे १ ते ९ च्या मापावर विचारतात. पाणीपुरवठ्याचे काम अनेक वर्षे पाहिलेले एक अभियंता उत्तरे देत होते आणि मी ती सॉफ्टवेअरमध्ये भरत होतो. भूजलाची सुरक्षितता वस्तीपासूनच्या अंतराच्या तिप्पट, वस्तीचे अंतर वाहतूकखर्चाच्या दुप्पट. या हिशेबाने भूजल वाहतूकखर्चाच्या सहापट यायला हवे होते, साहेबांनी मात्र समोरच्या तक्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, “हे दोन्ही सारखेच धरा.”

उत्तरे एकमेकांशी किती विसंगत आहेत हे दाखवणारे सुसंगती गुणोत्तर ०.३२ आले. ते साधारणपणे ०.१० च्या आत असावे लागते. सॉफ्टवेअरने चुकीची वाटणारी नोंद दाखवली आणि तिच्या जागी कोणता आकडा बसेल तेही सुचवले. माझ्या सहकाऱ्याने तो स्वीकारण्यासाठी हात पुढे केला तेव्हा मी त्याला थांबवले, कारण इतक्या अनुभवी माणसाचे उत्तर त्याला न विचारता बदलणे मला पटणारे नव्हते.

मी विचारल्यावर साहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. “विहिरींची अंतरे पाहा. २५०, ३०० आणि ३२० मीटर. फरक आहे कुठे? वाहतूक मात्र एका जागेला ४ किलोमीटर, दुसरीला १८.” म्हणजे पहिल्या तुलनेत त्यांच्या मनात एकूणच भूजलाचे प्रदूषण होते, आणि तिसऱ्या तुलनेत या तीन जागांमधला प्रत्यक्ष फरक. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. प्रश्न मात्र आम्ही नीट विचारला नव्हता.

तेवढ्यात बैठकीतील भूवैज्ञानिक मॅडमनी विचारले, “विहिरी उताराच्या वर आहेत की खाली?” आमच्याकडच्या बेसाल्ट खडकात पाणी झिजलेल्या थरांतून आणि भेगांतून वाहते, त्यामुळे कचऱ्यातून झिरपणारे पाणी कोणत्या दिशेने जाईल हे नुसत्या अंतरावरून कळत नाही. नकाशा पुन्हा उघडला. शहरापासून ४ किलोमीटरवरची, तोवर पहिल्या क्रमांकावर असलेली जागा चढावर होती आणि तिच्या विहिरी थेट खालच्या बाजूला होत्या.

भूजलासाठी धरलेले विहिरींचे अंतर काढून आम्ही त्याजागी प्रवाहाची दिशा आणि पाण्याच्या पातळीची खोली घेतली. साहेबांनी पहिली दोन उत्तरे तशीच ठेवली आणि तिसऱ्याला ५ म्हटले. गुणोत्तर ०.०१ च्याही खाली आले. भूजलाचा भारांक ४६ टक्क्यांवरून ६५ वर गेला, वाहतुकीचा २६ वरून १२ वर आला. पहिली जागा तिसरी झाली, आणि भूजलाचा भारांक ५० टक्क्यांपर्यंत उतरवून पाहिला तरीही ती वर आली नाही.

अहवालात मी दोन्ही तक्ते जोडले आणि ०.३२ का आले होते हे साहेबांच्याच शब्दांत लिहिले. सही करण्यापूर्वी त्यांनी ते पान पुन्हा वाचले आणि विहिरींच्या यादीत त्यांना आठवणारी आणखी एक जुनी विहीर स्वतःच्या हाताने लिहिली.